पावसात अडकणारी दारं आणि इलेक्ट्रिक रंधा, कुठून सुरुवात करू?

पडवीतली
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. सावंतवाडी तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे, सासूबाई आता तिथेच असतात. दरवर्षी मृग लागला की दारं फुगतात पण यंदा कहर झालाय, माजघराचं दार खांदा लावून ढकलल्याशिवाय उघडत नाही आणि आईंचे गुडघे दुखतात त्यामुळे ते दार आता दिवसरात्र उघडंच असतं, मग रात्री मांजरं, विंचू, काय वाट्टेल ते आत येतं. त्यात मागच्या बाजूला दोन खोल्या नवीन काढल्यात, तिथे ३२ मिमीचे फ्लश डोअर (दोन्हीकडून सपाट, प्लायसारखी दारं) आणून ठेवलेत आणि चौकटीभोवती लावायच्या सागाच्या पट्ट्या पण आणल्यात. मिस्त्री म्हणतात गणपती झाल्याशिवाय हात रिकामा नाही. दीर मुंबईहून येताना त्यांचा ८२ मिमीचा इलेक्ट्रिक रंधा घेऊन आलेत, पण त्यांची सुट्टी संपली, ते गेले, मशीन इथेच आहे. मला ड्रिल, जिगसॉ चालवायची सवय आहे, रंधा मात्र कधी चालवला नाही. दार किती घासायचं, कुठून घासायचं, फ्लश डोअरला चालतो का, आणि पट्ट्यांना वापरायचा का? प्लीज नीट सांगा, आईंना गणपतीपर्यंत थांबवायचं नाहीये.

रंधाकरवत
ताई, आमच्याकडे तीन पिढ्या सुतारकाम आहे, कुडाळकडे. पहिलं सांगतो, रंधा आज पेटीतून काढूच नका. दार अडकतंय म्हणजे फुगलंच असेल असं नाही. निम्म्या वेळा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात, दार पुढून खाली बसतं आणि कुलुपाच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासतो. दार अर्धं उघडा, कडी धरून वर उचला, बिजागरीत खटखट हलतंय का बघा. हलत असेल तर जुन्या भोकात बांबूची खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका, वाळू दे, मग नवीन स्क्रू मारा, जमलं तर एखादा तीन इंची, चौकटीत खोल जाणारा. तरी थोडं झुकलेलं वाटलं तर खालच्या बिजागरीच्या मागे पुठ्ठ्याची पातळ पट्टी घाला, दाराचं नाक वर उचललं जातं. एवढ्यावर पुष्कळ दारं मोकळी होतात, लाकडाला हात लावावा लागत नाही.

मग खडू. चौकटीच्या आतल्या कडेला निळा खडू चांगला घासा, दार बंद करा, उघडा. दाराच्या कडेवर जिथे निळं लागलं तिथेच अडकतंय, बाकीचं लाकूड निर्दोष आहे, त्याला कशाला मारायचं. पेन्सिलने दोन्ही बाजूंना रेघ मारून ठेवा.

आता फुगण्याचं. लाकूड रुंदीत फुगतं, उंचीत जवळजवळ नाहीच. म्हणून दार कसं बनवलंय ते बघा. चौकटीत पॅनेल बसवलेलं दार असेल तर पॅनेल आपल्या खाचेत मोकळं हलतं, फुगतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे सगळं मिळून एक-दीड मिमीचा मामला. पण जुन्या घरात अख्ख्या फळ्या जोडून मागे आडव्या पट्ट्या मारलेली दारं असतात, तिथे प्रत्येक फळी फुगते आणि सगळं एकत्र येऊन कडेवर दिसतं, तीन फुटी दार सागाचं असलं तरी चार-पाच मिमी सहज वाढतं, ऐनाच्या लाकडाचं असेल तर अजून जास्त. हे दार तुम्ही आत्ता जुलैत रंधा मारून अगदी सैल केलंत तर मार्चमध्ये तिथून बोट जाईल एवढी फट दिसेल. म्हणून पावसात घासायचं ते फक्त दार न अडकता फिरेल इतकंच, अर्धा सूत म्हणजे दीड मिमी मोकळं, बस. बाकी काम दिवाळीनंतर.

माजघराचं दार कसलं आहे, फळ्यांचं की पॅनेलचं?

डोंबिवलीकर_DIY
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. मी फ्लश डोअरबद्दल लिहितो कारण आमच्या सोसायटीत बहुतेक सगळ्यांचे तेच आहेत.

फ्लश डोअर पावसात फारसं फुगत नाही, प्लायसारखे आडवे-उभे थर असतात त्यामुळे. नवीन दार चौकटीत बसत नसेल तर तो मापाचा प्रश्न आहे आणि तिथे रंधा खरोखर कामाचा. पण आधी बघा की कडेला आतून लाकडी पट्टी किती जाड आहे, आमच्याकडे तिला लिपिंगच म्हणतात. दुकानदाराला विचारा किंवा खालच्या कडेवर नीट बघा, जोड दिसतो. तुम्ही घासणार ते त्या पट्टीतून जाणार. प्रत्येक बाजूने तीन-चार मिमी गेले तर काही बिघडत नाही, पण दार दीड इंच मोठं आणलंय आणि सगळं एका बाजूने मारलंत तर पट्टी संपते, आतला कोअर म्हणजे गाभा उघडा पडतो, मग बिजागरीचे स्क्रू कशात धरणार? जास्त काढायचं असेल तर आधी करवतीने कापा, दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं, आणि रंधा फक्त शेवटच्या दोन मिमीला. पोकळ मोल्डेड दारं असतील तर अजूनच जपून, त्यात कडेची पट्टी बारीक असते.

माप असं घ्या. चौकट वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, नवीन बांधकामात तिन्ही मापं वेगवेगळी येतात. बिजागरीच्या बाजूला दोन मिमी, कुलुपाच्या बाजूला आणि वर तीन मिमी, म्हणजे एक सूत, खाली लादीपासून पाच-सहा मिमी. बाथरूमचं दार असेल तर खाली अजून थोडं सोडा.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. कुलुपाच्या बाजूची कड सरळ काटकोनात ठेवली तर दार बंद होताना आतला कोपरा चौकटीला टेकतो. म्हणून ती कड किंचित तिरकी मारतात, दार ज्या बाजूला उघडतं तिथे पूर्ण रुंदी आणि जी बाजू आधी चौकटीत शिरते तिथे एक-दीड मिमी कमी. ३२ मिमीच्या दाराला एवढं पुरतं. मशीनसोबत बाजूचा गाईड आला असेल, तो लावला तर कड काटकोनात राहते, तिरकं मारायचं असेल तर आतल्या बाजूला रेघ दीड मिमी खाली मारा आणि गाईड काढून हाताने झुकवा, दोन्ही रेघा एकाच वेळी गाठायच्या.

सनमायका आधीच लावलेला असेल तर थांबा. ब्लेडने सनमायक्याची कड तुकड्या-तुकड्याने उडते. आधी दार मापाला आणा, मग सनमायका.

पडवीतली
खूप खूप आभार दोघांचे! सांगितल्याप्रमाणे केलं. वरची बिजागरी खरंच हलत होती, बांबूची खुंटी मारून घट्ट केली, फरक पडला पण पूर्ण नाही. माजघराचं दार फळ्यांचं आहे, जुना साग, मागे तीन आडव्या पट्ट्या. खडू लागला तो कुलुपाच्या बाजूला वरपासून दोन फुटापर्यंत, खाली काहीच नाही. पण कुलूप त्याच बाजूला आहे, मॉर्टिस लॉक (दाराच्या कडेत खाच पाडून आत बसवतात ते) बसवून घेतलंय मागे कधीतरी. तिथे घासलं तर कुलुपाची पट्टी बाहेर येईल ना? आणि दाराला हिरव्या ऑइल पेंटचे किती थर आहेत देव जाणे, सासऱ्यांच्या लहानपणापासूनचे असतील.

कोथरूड_वर्कशॉप
ताई, ऑइल पेंटचं वाचलं म्हणून लगेच लिहितेय, कारण हे मला महत्त्वाचं वाटतं. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते, हिरवा-पिवळा रंग असेल तर जास्तच. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखात ९० भाग) करणारा नियम २०१६ चा आहे आणि अंमल नोव्हेंबर २०१७ पासून, म्हणजे त्याआधीचा थर संशयितच धरायचा. इलेक्ट्रिक रंधा मिनिटाला सोळा-सतरा हजार फेऱ्या मारतो, तो रंगाची अशी बारीक पूड करतो की घरभर बसते, आणि सासूबाई त्याच माजघरात जेवणार. तेव्हा त्या कडेवरचा रंग आधी केमिकल पेंट रिमूव्हर लावून ओल्यानेच खरवडून काढा, खाली जुनं वर्तमानपत्र, खरवडलेलं गुंडाळून पिशवीत बांधून टाका, चुलीत अजिबात नको. मग रंधा, तोही दार पडवीत किंवा मांडवात नेऊन. घरात लहान मुलं असतील तर त्यांना तिथून दूर ठेवा.

सागाचा भुसा पण साधा समजू नका. बऱ्याच लोकांना त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, नाक गळतं. तोंडाला ओढणी बांधून चालत नाही, एन-९५ मास्क लावा, डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे, कारण मशीनचा आवाज कर्कश असतो.

आता मशीन. प्लग काढून ते उलटं धरा आणि ब्लेड बघा. पुढचा तळ खाली-वर होतो, गोल मूठ फिरवली की, तोच कापाची खोली ठरवतो. मागचा तळ स्थिर असतो आणि ब्लेडची धार त्याच्या बरोबर पातळीत हवी. स्टीलची पट्टी मागच्या तळावर उभी ठेवून ड्रम हाताने हळू फिरवा, धार पट्टीला नुसती स्पर्श करून गेली पाहिजे. पट्टी पुढे ओढली गेली तर ब्लेड वर आलंय, अशा मशीनने प्रत्येक हाताच्या, म्हणजे रंध्याच्या एका फेरीच्या, शेवटी लाकडात खड्डा पडतो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. पट्टीला स्पर्शच झाला नाही तर ब्लेड खाली गेलंय, मशीन पुढे जाता जाता कापायचं थांबतं. दोन्ही ब्लेड सारखी हवीत, बदलायची तर दोन्ही एकदम. कार्बाईडची (साध्या पोलादापेक्षा कठीण) दुधारी मिळतात, एक धार गेली की उलटी करून बसवा. फ्लश डोअरमधल्या गोंदाने साध्या ब्लेडची धार पटकन मरते, तिथे कार्बाईडच.

आणि लोखंड! जुन्या दारात खिळे कुठे आहेत ते देवाला ठाऊक. स्पीकरमधलं एखादं लोहचुंबक कडेवरून फिरवा, चिकटेल तिथे खूण. खिळा उपटता येत नसेल तर पंचने सूतभर आत ठोका.

बटण सोडल्यावर ड्रम काही सेकंद फिरतच राहतो, हे डोक्यात पक्कं बसू दे. तेवढ्यात मशीन जमिनीवर टेकवलं तर ते धावतं, केबल खातं, चादर ओढतं. नवीन मशीनला मागे छोटा पाय असतो, त्यावर टेकवता येतं, तुमच्या मशीनला नसेल तर ड्रम थांबेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवा. भुसा अडकला म्हणून चालू मशीनच्या तोंडात बोट नाही, काडी पण नाही, आधी प्लग. पावसात लाकूड ओलसर असतं, तोंड वारंवार तुंबतं, तेव्हा हा मोह होतोच.

रंधाकरवत
वर्कशॉपताईंनी लाख मोलाचं लिहिलंय. लोहचुंबकाचं तर मी म्हणतो भिंतीवर लिहून ठेवा.

ताई, कुलुपाचं तुमचं बरोबर आहे. तिथून तीन मिमी काढलं तर कुलुपाची पट्टी उघडी पडणार, मग अख्खं कुलूप काढून खाच खोल करा, समोरची पट्टी सरकवा, फार व्याप. त्यापेक्षा दार उतरवा आणि बिजागरीच्या बाजूने मारा. बिजागऱ्या काढा, ती कड घासा, आणि जेवढं घासलं तेवढ्याच बिजागरीच्या खाचा पटाशीने खोल करा. कुलूप जागच्या जागी राहतं. दार अडकतंय वरच्या भागात, म्हणून रंधा मारायचा पण वरच जास्त, खाली येईल तसं कमी होत शून्यावर.

ते असं करायचं. खोली अर्ध्या मिमीला लावा. पहिला हात वरून एक फूट. दुसरा वरूनच दोन फूट. तिसरा तीन-साडेतीन फूट, चौथा जवळजवळ पूर्ण, आणि प्रत्येक हाताच्या शेवटी मशीन चालत्या चालत्या अलगद उचलायचं, दाबून थांबवायचं नाही. असा उतार आपोआप येतो. सुरुवातीला वजन पुढच्या तळावर, मशीन पूर्ण लाकडावर आलं की दोन्हीकडे सारखं, कडेच्या शेवटी बाहेर पडताना वजन मागच्या हातावर, नाहीतर पुढचा भाग खाली झुकतो आणि कोपरा जास्त कापला जातो. घाई नको, पण एका जागी रेंगाळायचं पण नाही, साग असला तरी काळे डाग पडतात. लाकूड उलट्या धाग्यात तुटायला लागलं, कड खरबरीत झाली, तर दिशा बदला.

दार धरायला दोन माणसं उभी करू नका. दोन जाड ठोकळे घ्या, प्रत्येकाला दाराच्या जाडीपेक्षा थोडी मोठी खाच पाडा, दार आडवं करून कड वर येईल असं त्या खाचांमध्ये उभं करा, बाजूला पाचर ठोका, खाली गोणपाट. हलणार नाही.

खालची बाजू मारायची वेळ आली तर वेगळं प्रकरण. फळ्यांच्या दाराला खाली सगळा आडवा काप असतो, एका टोकाकडून सरळ दुसरीकडे गेलात की बाहेर पडताना शेवटच्या फळीचा ढलपा उडणार, नक्की उडणार. दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत या, किंवा शेवटच्या टोकाला एक फालतू ठोकळा घट्ट आवळा म्हणजे तुटेल तो ठोकळा.

रेघेच्या अर्धा मिमी अलीकडे मशीन बंद. उरलेलं हातरंध्याने, नसेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. धारदार कोपरे मोडून घ्या, मशीनच्या पुढच्या तळाला मध्ये व्ही आकाराची खाच असते ती त्यासाठीच आहे, एक हात फिरवला की झालं.

आणि शेवटी जे कुणीच करत नाही. घासलेली कड, त्यातही वरची आणि खालची, उघडी ठेवून दार परत टांगलं तर पुढच्या वर्षी तेच. दाराच्या तोंडावर रंगाचे पाच थर आणि डोक्यावर, तळाला कोरं लाकूड, पाणी तिथूनच पितं ते. आरसा धरून वरची कड बघा, कोरीच असेल. आता हवा दमट आहे तेव्हा तात्पुरता एक हात जवसाच्या तेलाचा किंवा प्रायमरचा मारा, कोरड्या दिवसांत लाकूड सुकल्यावर नीट दोन हात रंग, सगळ्या सहा बाजूंना.

पडवीतली
दादा, झालं!! दार एका बोटाने फिरतंय, आई सकाळपासून उगाच उघडझाप करतायत. वरची कड तुम्ही म्हणालात तशी अगदी कोरी होती, तेल मारलं. दिशेचं पण खरं निघालं, एका ठिकाणी फळीचा धागा उलटा होता, उलटीकडून मारल्यावर गुळगुळीत आलं. खिळे चार सापडले चुंबकाने.

आता राहिल्या पट्ट्या. नवीन चौकटीभोवती लावायच्या, अडीच इंच रुंद, १२ मिमी जाड. गिलावा वाकडातिकडा आहे, चौकट काही ठिकाणी भिंतीच्या पुढे दोन-तीन मिमी आहे, काही ठिकाणी आत. पट्टी लावली की एका बाजूने फट दिसते. पट्ट्यांना रंधा मारून बसवू का?

डोंबिवलीकर_DIY
वा, अभिनंदन!

पट्टीला सरळ मशीन लावू नका. बारा मिमीची पट्टी मशीनखाली थरथरते, वाकते, आणि एकदा ब्लेडने धरली की फेकते. अनेकजण मशीन उलटं करून फळीला आवळतात आणि पट्टी हाताने त्यावरून ढकलतात, कंपनीचा त्यासाठीचा स्टँड आणि ब्लेडवरचं झाकण नसेल तर कृपा करून हे करू नका, बोटं ब्लेडपासून इंचभर असतात.

चौकट भिंतीच्या पुढे आलीये तिथे चौकटीचीच कड घासता येते, ती पक्की बसलेली आहे, हलत नाही. पण भिंतीकडच्या बाजूला गिलाव्याची वाळू ब्लेडला लागली तर धार त्याच क्षणी गेली. म्हणून तिथे मशीनने भिंतीपासून दोन बोटं लांबच थांबा, कडेचं पटाशीने.

चौकट आत आहे तिथे पट्टीच्या मागच्या अंगाला काम करायचं. पट्टी एका रुंद सरळ फळीवर दुहेरी टेप किंवा दोन बारीक खिळ्यांनी टोकाला पक्की करा, खिळे ब्लेडच्या वाटेत नकोत, मागची बाजू वर, आणि मध्यभागातून अर्धा-अर्धा मिमी काढा, दोन्ही कडा तशाच ठेवा. मागे किंचित पोकळ झाली की पट्टी दोन्ही कडांवर टेकते, मधला उंचवटा त्यात लपतो. ८२ मिमीचं मशीन अडीच इंची पट्टीपेक्षा रुंद पडतं म्हणून हे हातरंध्यानेच जमतं खरं तर, छोटा हातरंधा घेऊन ठेवा, फार महाग नाही.

रंधाकरवत
पट्टीला हातरंधाच. आणि भिंतीकडची कड वाकडी दिसत असेल तर पट्टी जागेवर धरून ठेवा, कंपासमध्ये पेन्सिल लावा, सर्वात मोठ्या फटीएवढा उघडा आणि एक टोक भिंतीला घासत खालपर्यंत न्या. भिंतीचा सगळा वाकडेपणा पट्टीवर उतरतो. त्या रेघेपर्यंत जिगसॉने कापा, तुम्हाला तो येतोच, आणि कापताना मागच्या बाजूला थोडा तिरका कल द्या म्हणजे फक्त पुढची धार भिंतीला टेकेल आणि कानशीने मारायला सोपं जाईल. मग पट्टी लावण्याआधी मागच्या बाजूला पण एक हात प्रायमर. नवा गिलावा ओला असतो, पट्ट्या लावायची घाई करू नका, भिंत वाळू दे, दारं आधी टांगा.

पडवीतली
कंपासची युक्ती भारी आहे. पट्ट्या मग दिवाळीनंतरच लावते, तोवर दोन्ही फ्लश डोअर टांगून घेते. लिपिंग बघितली, बोटभर जाड आहे, आणि दार फक्त पाच मिमी मोठं आहे, दोन्हीकडून अडीच-अडीच मारते. कार्बाईडची ब्लेड कुडाळमध्ये मिळतील का?

रंधाकरवत
मिळतील, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात. जुनं ब्लेड सोबत न्या आणि लांबी-जाडी जुळवूनच घ्या, सगळी ८२ मिमीची असली तरी जाडी वेगळी येते आणि मशीनमधल्या ब्लेडच्या खाचेत बसत नाही. सोबत मशीनचा नंबर सांगून एक दातेरी पट्टा पण घेऊन ठेवा, तो तुटला की मोटर फिरते आणि ड्रम जागचा हलत नाही.